चौकीदाराला कुणी सांगितलं नाही

रात्री पावणेबारा. दौलतगंजात कूलरमधलं पाणी संपलेलं,
दुकानाचं शटर अर्धं खाली,
आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
असं कोणतंही उपकरण नाही.
त्यापुढं बत्तीस आकडे-अक्षरांचा लांबलचक पत्ता,
खाली एक शब्द, रेस्क्यू,
आणि लुकलुकणारी दांडी.

संध्याकाळी नीरज कुशवाह पेनड्राइव्ह ठेवून गेला.
"अंकल, नेक्स्ट नेक्स्ट करते जाना."
मी करत गेलो. अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
बॅटरी दोन वर्षांपासून शोभेची.
पुन्हा पहिल्यापासून. जुनं सगळं पुसायचं का, त्यानं विचारलं.
मी हो म्हटलं,
तसं उपाशीपोटी कुणीही म्हणेल.
पुसलं. नवं मांडलं. अभिनंदनसुद्धा केलं मेल्यानं.
पेनड्राइव्ह काढा, एंटर दाबा.
दाबलं.

नीरजला फोन लावला. तो वरातीत, मागं बँड.
"अरे अंकल, आपने नया चौकीदार पेनड्राइव्ह पे बैठा दिया!
लॅपटॉप पे वही पुराना खड़ा है. मकान गिर गया,
उसको किसी ने बताया नहीं."

हे मात्र मला कळतं.
सव्वीस वर्षं लश्करात पत्रिका छापतोय, अडलं तर वाटतोयही.
नगर निगमनं दारांवरचे नंबर तीनदा रंगवले,
चिटणिसांची गोठ कधीच चितनीस की गोठ झाली,
तरी माझे पाय अजून
जुन्या नंबरासमोर थांबतात, बेल शोधतात.
तिथं आता जिम आहे.

"एक-एक दरवाज़ा खटखटाओ," तो बँडवरून ओरडला.
एक नंबरचा कप्पा: अनोळखी.
पाच: अनोळखी.
दोन, तीन, चार नव्हतेच. का नव्हते हे विचारेपर्यंत
फोन कटला, नवरदेव बहुतेक घोड्यावर चढला.
सहावं दार उघडलं.
आत एका रांगेत नावं. बूट. होम.
आणि एकाचं नाव चक्क 'हरवलं-सापडलं'.
होममध्ये डोकावलो.
माझ्याच नावाची एक रिकामी खोली.

मग चष्मा पुसून, एकेक अक्षर दाबत
चौकीदाराला नवा पत्ता दिला.
शेवटचा हुकूम होता, नॉर्मल.
एवढंच. ना कृपया, ना ताबडतोब.
आमच्या घरी हा शब्द इतक्या सहज
कधी कुणी पाळलेला नाही.

पंखा घरघरला. पडदा जांभळा झाला.
वायफाय नाही, आवाज नाही,
घड्याळ साडेपाच तास मागं,
पण भाषांच्या यादीत मराठी होती,
म-च्या रांगेत, मल्याळमच्या शेजारी.

आता पिंगळ्यांच्या मुंजीची पत्रिका. उद्या दुपारी हवी.
जुनी फाइल पुसण्यात गेली, म्हणून पुन्हा टाइप करायला बसलो:
चि. ओजस, सौ. व श्री. पिं, ग,
आणि बोट थांबलं.
सकाळी ओजसच्या आईचा फोन होता,
"काका, पिंगले लिहा ना. आधारवर तसंच आहे,
शाळेतही. त्याला तर ते दुसरं बोलताच येत नाही."
कीबोर्डवर दोघं एकाच बटणात राहतात.
नुसतं दाबलं की ल.
शिफ्ट धरून दाबलं तर ळ.

ओजसच्या आजोबांची पत्रिका माझ्या वडिलांनी जुळवली होती,
शिशाच्या खिळ्यांनी. ळ-चा खिळा एकच धड उरलेला,
तो ते वेगळ्या डबीत ठेवत, तपकिरीच्या.

शिफ्ट धरलं.
पिंगळे.
ठळक, छत्तीस पॉइंटात, मधोमध.
सकाळी बदलेन, त्यांचं नाव आहे, त्यांचा अधिकार.
तोवर एक प्रत काढून बघावी म्हणून
छापा म्हटलं.

प्रिंटर सापडला नाही, म्हणाला.
हातभर अंतरावर आहे,
त्याचा हिरवा दिवा मला इथून दिसतो.